मनकर्णाबाई भ्र. रायभान

राणीसावरगावच्या वरच्या अंगाला जी वाडी आहे, तिथल्या आठ बायकांच्या नावावर सरकारी योजनेतून कर्ज निघालं होतं. आठही जणींनी अंगठा केला होता. पैसे मात्र आठही जणींच्या नवऱ्यांनी पाहिले होते. कासाबाईला शिलाई मशीन मंजूर झालं. ते घरी आलं तेव्हा त्याला दोन चाकं आणि एक घंटी होती. कासाबाईचा नवरा त्यावर बसून बाजारहाट करायचा.

नववी मनकर्णाबाई. ती दुसऱ्यांच्या शेळ्या अर्धलीनं राखायची, म्हणजे पिल्लं झाली की निम्मी मालकाची. तिला चार शेळ्या हव्या होत्या, ज्यांच्या पिल्लांवर कुणी बोट ठेवणार नाही अशा. तिच्या नवऱ्याला, म्हणजे रायभानला, लाऊडस्पीकरचा कर्णा हवा होता. लग्नसराईत भाड्यानं द्यायचा. गंगाखेडला सौदाही करून ठेवला होता.

"शेळ्या मरत्यात," रायभान म्हणाला. "कर्णा मरतो का कधी? तू कागद देऊन ये. सही लागली तर मला बोलीव."

बँकेत नवे मॅनेजर आले होते. मूळचे चिपळूणचे. संस्कृतात शंभरपैकी ब्याण्णव मिळवलेले. मार्च संपायला चार दिवस होते आणि 'परित्यक्ता महिला' या रकान्यात पाचाचं उद्दिष्ट होतं. पूर्तता शून्य. तालुक्यातल्या टाकलेल्या बायका एकतर कर्ज मागत नव्हत्या, किंवा मागायला आल्या की "नवऱ्याची सही आणा" म्हणून परत पाठवल्या जात होत्या.

मॅनेजरनी तहसीलचा दाखला वाचला. 'मनकर्णाबाई भ्र. रायभान'.

आमच्याकडे निजामाच्या काळापासून बाईचं नाव असंच लिहितात. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. चिपळूणला असं लिहीत नाहीत. ते दिवसही नावाचे होते. विद्यापीठाच्या नावावरून आमच्या भागात माणसांची घरं जाळून झाली होती. त्यामुळे नावाच्या बाबतीत मॅनेजर फार जपून होते. त्यांनी नीट विचार केला आणि संस्कृत वापरलं. भ्र. म्हणजे भ्राता.

"हा रायभान तुमच्याकडेच राहतो का, बाई?"

"राहत्यात की."

"कमावतो काही?"

"कशाचं काय, साहेब. दिसभर पारावर बसून असत्यात."

"म्हणजे तुम्हीच पोसता?"

"मग कोण पोसंल?"

मॅनेजरनी पेनाचं टोपण काढलं. "आणि नवऱ्याचं नाव?"

मनकर्णाबाईनं पदर पुढं ओढला. "आमच्यात नाव घेत न्हाईत, साहेब. कागदावर लिवलंय की."

कागदावर तर भावाचंच नाव होतं. मॅनेजरनी शेरा मारला : 'पतीचे नाव उच्चारण्याचीही अर्जदाराची इच्छा नाही.' त्याखाली 'परित्यक्ता' असा शिक्का. सही एकटीचीच पुरे.

दाराशी शिपाई सिताराम उभा होता. त्याला भ्र. माहीत होतं आणि रायभानही माहीत होता. पण न विचारलेलं सांगितल्यामुळे त्याची आजवर तीनदा बदली झाली होती.

चौथ्या दिवशी पैसे उचलायला मनकर्णाबाई आली. बरोबर रायभान, इस्त्रीच्या सदऱ्यात.

"राम राम साहेब. मी रायभान."

"अच्छा! भाऊ तुम्हीच का?"

"हां, भाऊच म्हणत्यात मला समदे," रायभान खूश होऊन म्हणाला. "पैशे माझ्याकडं द्या."

"लाज वाटत नाही? बहिणीच्या जिवावर खाता आणि वर तिचे पैसे मागता?"

रायभाननं मागं वळून पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं. "कुणाची बहीण? साहेब, बायकू हाय ही माझी!"

"इथं तहसीलचा शिक्का आहे. तुम्ही भ्र. आहात."

"तेच म्हणायलोय की मी! भ्र. हाय मी तिचा!"

"भ्र. म्हणजे काय?"

रायभान अडखळला. आज्यापासून घरातल्या सगळ्या बायकांच्या कागदावर भ्र. होतं, त्याचं लांब नाव काय ते कुणी सांगितलंच नव्हतं. "भ्र. म्हंजी... भ्र.! हिलाच इचारा की."

मॅनेजर वळले. "घाबरू नका, बाई. हे तुमचे कोण?"

तिला आजवर बँकेनं, सोसायटीनं, नवऱ्यानं 'अंगठा कर' एवढंच म्हटलं होतं. सितारामनं फाईल चाळायची थांबवली. मनकर्णाबाईनं नजर फरशीकडं वळवली.

"आमच्यात नाव घेत न्हाईत, साहेब."

"नाव नको. नातं सांगा."

"नातं सांगितलं तर नाव आलंच की."

"मनकर्णे, सांग की गं!" रायभान ओरडला.

"काय सांगू?" ती खाली बघतच म्हणाली. "भाऊ असते तर पंचमीला चोळी आणली असती. इतक्या वर्सांत एक खण दिला न्हाई."

यात एकही शब्द खोटा नव्हता. मॅनेजरनी मात्र टेबलावर हात आपटला. "ऐकलंत? सख्ख्या बहिणीला चोळी नाही! सिताराम, यांना बाहेर बसवा."

सितारामनं रायभानला दंडाला धरून बाहेर नेलं. "बसा, भाऊ," तो म्हणाला. चेहरा सरळ ठेवायला त्याला फार त्रास झाला.

शेळ्या त्याच आठवड्यात आल्या. रायभान नवरा असल्याचा दाखला काढायला तहसीलला गेला. पाच खेपा झाल्या. शेवटी कारकुनानं शिक्का मारून लिहून दिलं : 'दाखला देण्यात येतो की, रायभान हा मनकर्णाबाईचा भ्र. आहे.'

"हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय," मॅनेजर वाचून म्हणाले.

कर्णा दुसऱ्याला विकला गेला. पावसाळ्यात दोन शेळ्या व्यायल्या आणि पारावर बसणाऱ्यांतला एक जण शेळ्यांमागं माळावर दिसू लागला. पंचमीच्या आदल्या दिवशी रायभाननं मुकाट्यानं खण आणून उंबऱ्यावर ठेवला. नवरा म्हणून की भाऊ म्हणून, ते तिनं विचारलं नाही.

चोळी मात्र तिला हातानंच शिवावी लागली. कासाबाईचं मशीन तेव्हा तिच्या नवऱ्याला घेऊन बाजाराला गेलं होतं.