फॉरमॅट नको

पनवेलच्या मुबीनाला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. नवरा हसन मस्कतला; फोनचा तिला काय उपयोग? आठ वर्षं दोघांचं सगळं बोलणं ईमेलवरच चालायचं. हल्ली मात्र कॉम्प्युटर रखडत होता आणि हार्ड डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नव्हता.

दुरुस्तीवाल्या कुंदनने कागदावर लिहिलं, "भाभी, फॉरमॅट करावं लागेल. जुने मेल जातील."

"एकही जाणार नाही. बिघाड मीच शोधते," तिने खाली लिहिलं.

कॅबिनेटवर तळहात ठेवला की आतल्या डिस्कची थरथर तिला जाणवायची. तिने एकेक प्रोग्राम बंद करून पाहिला. ईमेलचा बंद करताच थरथर थांबली. मग तिने त्याची आणि अँटिव्हायरसची सगळी सेटिंग पालथी घातली. प्रोग्राम दर मिनिटाला नवे मेल आणायला जायचा आणि दर वेळी अँटिव्हायरस आठ वर्षांचा इनबॉक्स पहिल्यापासून वाचत बसायचा! मुबीनाने जिद्दीने वर्षवार फोल्डर केले, जुने मेल तिकडे हलवले, मिनिटाचा अर्धा तास केला. अख्खी दुपार त्यात गेली.

अखेर दिवा विझला. तिने कुंदनला बोलावून पडद्यावर हसनचा अगदी पहिला मेल उघडून दाखवला.

"मला शिकवाल?" कुंदनने लिहिलं.

मुबीनाने त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.