बुडवलेली होडी

ताइस्तो दरवर्षी वसंतात आपली होडी बुडवतो.

नव्या माणसाला वाटेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण आमच्या तळ्यावर ज्याची होडी लाकडाची आहे तो प्रत्येक जण हेच करतो. हिवाळाभर होडी किनाऱ्यावर पालथी पडून असते. फळ्या सुकतात, आखडतात, मधून उजेड दिसू लागतो. म्हणून तळ्यावरचा बर्फ फुटून सुटला की तिला डांबर फासायचं, पाण्यात ढकलायची, आत चार धोंडे ठेवायचे आणि काठापर्यंत बुडू द्यायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी मिटतात. तीन दिवसांनी धोंडे काढून पाणी उपसलं की उन्हाळाभर काळजी नाही.

ताइस्तोचं घर माझ्या समोरच्या किनाऱ्यावर आहे, तळ्याच्या चिंचोळ्या फाट्याच्या पलीकडे. पाण्यावरून सहाशे मीटर, रस्त्याने चौदा किलोमीटर. घर देवदारांच्या आड आहे, त्यामुळे मला दिसतो तो फक्त त्याचा लाकडी धक्का आणि त्याला बांधलेली होडी. माझा नवरा ओलावी गेला त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दर वसंतात ठरलेलं आहे: होडी बुडवल्यावर चौथ्या दिवशी ताइस्तो ती उपसतो आणि पहिली फेरी माझ्याकडे मारतो. हातात एक पाइक मासा, लव्हाळ्यात लावलेल्या तारेच्या सापळ्यातला.

"मासे फार झाले," तो म्हणतो.

"कॉफी फार झाली," मी म्हणते.

मग आम्ही धक्क्यावर बसून कॉफी पितो. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा कार्यक्रम अकरा वर्षं चालू होता. त्याचीही बायको नाही, माझाही नवरा नाही, आणि दोघांपैकी एकानेही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आमच्याकडची माणसं मूग गिळण्यात पटाईत. मला त्याचा राग येतो, आणि मीही तसलीच.

या वर्षी मात्र मी घर सोडायचं ठरवलं होतं. म्हणजे माझी मुलगी मेर्वी हिने ठरवलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं. फेब्रुवारीत मी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर घसरले, डावं मनगट मोडलं. उठता येईना. चाळीस मिनिटं बर्फात पडून होते, मग सरपटत घरात गेले आणि मेर्वीला फोन केला. ती राहते दोनशे किलोमीटरवर, कुओपिओ शहरात.

"आई, चाळीस मिनिटं! आणखी अर्धा तास गेला असता तर?" ती फोनवर रडत होती. ती रडली की माझं काही चालत नाही. तिने तिच्या घराजवळ एक फ्लॅट शोधला, लिफ्टवाला. माझं घर बघायला शनिवारी दोन वाजता माणसं येणार होती. पसंत पडलं तर तिथेच सह्या.

ताइस्तोला यातलं काही सांगितलं नव्हतं. ठरवलं होतं, तो मासा घेऊन आला की सांगायचं. धक्क्यावर, कॉफी पिताना. असल्या गोष्टी मला पाण्याकडे बघतच सांगता येतात.

बर्फ रविवारी सुटला. सोमवारी ताइस्तोने होडी बुडवली. मी खिडकीतून पाहिलं: निळ्या टोपीचा ठिपका वाकला, उठला, धोंडे टाकले, गेला. मी मनात दिवस मोजले. गुरुवारी येईल. कपाटातून वेलचीचे पाव भाजायचं ताट काढून ठेवलं.

एरवी मी त्या तीन दिवसांत धुणं काढते. चिंध्यांच्या सतरंज्या, हातमागावर विणलेल्या, नऊ आहेत. बाकीच्या बायका जूनमध्ये धुतात, ऊन तापल्यावर. मला धीर नसतो. हिरवा राळेचा साबण लावून गवतावर घासायच्या, बादल्यांनी खळबळायच्या आणि किनाऱ्यावरच्या दांडीवर वाळत घालायच्या. बोटं गारठून लाल होतात, पण हिवाळा घराबाहेर काढल्यासारखं वाटतं. त्यातली एक लाल पट्ट्यांची आहे, ओलावीच्या शर्टांची. यंदा मात्र सतरंज्या गुंडाळून खोक्यांत गेल्या होत्या, आणि अर्धी खोकी मेर्वी आधीच गाडीतून घेऊन गेली होती. हिवाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून ठेवलेला माझा चाकांचा धक्काही पाण्यात ढकलला नव्हता. कुणासाठी ढकलायचा?

गुरुवारी पाव भाजले. ताइस्तो आला नाही.

होडी तशीच. काठाची काळी रेघ पाण्यावर, बाकी आत. शुक्रवारीही तशीच. मी दुर्बीण काढली, जी ओलावी बदकं बघायला वापरायचा. धक्क्यावर कुणी नाही. निळी टोपी नाही. फोन लावला, वाजत राहिला. वाजणारच, त्याचा फोन गाडीच्या कप्प्यात राहतो, कारण त्याच्या मते फोन हा प्रवासात लागणारा जिन्नस आहे. आजूबाजूची घरं उन्हाळी पाहुण्यांची, जूनपर्यंत कुलुपात. आपत्कालीन नंबर लावावा असंही वाटलं. पण सांगणार काय? समोरच्याची होडी बुडालेली आहे, पण ती दरवर्षी बुडते?

शुक्रवारची रात्र मी कशी काढली ते मला विचारू नका. मी चाळीस मिनिटं पडून होते. त्याला पाच दिवस कोण विचारणार होतं? मीच ना. दुसरं कुणी नव्हतंच.

शनिवारी सकाळी सहाला मी माझी होडी सुलटी केली. माझी होडी म्हणजे ओलावीची. दोन वर्षं डांबराचा हात लागला नव्हता, फटींतून कोळ्यांची जाळी लोंबत होती. असली सुकी होडी पाण्यात नेऊन वल्हवायची नसते हे आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं. गाडी मनगट मोडल्यापासून मेर्वीकडे होती, आणि रस्ता बर्फ वितळून खिरीसारखा झालेला. उरलं काय? उपसायची डोलची सापडेना, म्हणून कॉफीचं पातेलं घेतलं.

निम्म्या अंतरावर पाणी घोट्यांवर आलं. डावा हात दुबळा, उजवा धट्टाकट्टा, त्यामुळे होडी गोल फिरायला लागली. दहा वल्ही मारायची, वीस पातेली उपसायची, परत दहा वल्ही. एक काळं-पांढरं बदकांचं जोडपं शेजारून गेलं, मान वाकडी करून बघत. "बघा, बघा," मी त्यांना म्हटलं, "तुमचं काय जातंय." पलीकडच्या रानात कोकीळ ओरडायला लागला आणि मला त्याचाही राग आला. तोंडाने मी ताइस्तोला सगळ्या शिव्या देत होते ज्या मला येतात, आणि मनात एकच: जिवंत राहा, मेल्या, जिवंत राहा.

धक्का दहा हातांवर असताना माझी होडी त्याच्या होडीसारखीच झाली, काठापर्यंत पाण्यात. मी आत मांडी घालून बसलेली, पाणी पोटापर्यंत. मे महिन्यातलं पाणी, बर्फ सुटून आठवडाही न झालेलं. श्वासच अडकला.

"होडी गळतेय तुझी," धक्क्यावरून आवाज आला.

निळी टोपी. तीच. हातात कॉफीचा कप.

"माहीत आहे मला!" मी किंचाळले. "तू मेलायस का ते बघायला आले होते!"

त्याने जरा विचार केला. "नाही."

"हात दे, मुडद्या!"

त्याने कप खाली ठेवला, बुटांसकट गुडघाभर पाण्यात उतरला आणि मला धरून बाहेर काढलं. सौनाच्या ओसरीवर नेलं, घोंगडी दिली, स्वतःचे लोकरीचे मोजे दिले, माझ्या पायांत चढवलेसुद्धा. मग कॉफी ओतली.

"दोन दिवस झाले," मी म्हटलं. "होडी का उपसली नाहीस?"

तो पलीकडे, माझ्या किनाऱ्याकडे बघत राहिला.

"कुठे जायला उपसू?"

"म्हणजे काय?"

"सोमवारी बुडवली सवयीने. मग इथे झाडांआड बघत बसलो. मंगळवारी सतरंज्या नाहीत. बुधवारी नाहीत. धक्का नाही. मेर्वीच्या गाडीत खोकी जाताना बघितली होती, आधीच्या आठवड्यात. म्हटलं, गेली राइली." त्याने टोपी काढली, परत घातली. "न सांगता गेली."

मी त्याच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. अकरा वर्षांत मी माझं घर या बाजूने नीट बघितलंच नव्हतं. रिकामी दांडी. पाण्यात धक्का नाही. खिडक्यांवर सकाळचं ऊन, त्यामुळे आत कुणी आहे की नाही काही कळत नव्हतं. माणूस निघून गेल्यावर घर जसं दिसतं तसं ते दिसत होतं.

"मी सांगणार होते," मी म्हटलं.

"कधी?"

"तू मासा घेऊन आलास की."

तो हसला नाही. मीही नाही. मी सांगायला त्याची वाट बघत बसलेली, आणि तो यायला माझ्या सतरंज्यांची. दोन म्हातारी माणसं, मध्ये सहाशे मीटर पाणी.

"मासा होता," तो म्हणाला. "मोठा. तीन दिवस सापळ्यात जिवंत ठेवला. काल सोडून दिला. एकट्याने काय खायचा."

मग मला रडू आलं. घोंगडीत तोंड घालून मी रडले. त्याने मला थोपटलं नाही, ते त्याला येत नाही. कप भरला तेवढा.

माझं रडणं ओसरल्यावर तो म्हणाला, "फेब्रुवारीत पडलीस, तेव्हा फोन कुणाला केलास?"

"मेर्वीला."

"ती दोनशे किलोमीटरवर. मी सहाशे मीटरवर. तळं गोठलेलं होतं, राइली. स्कीवर पाच मिनिटांत आलो असतो."

"तुझा फोन गाडीत असतो, गाढवा!"

तो उठला, देवदारांआड गेला. गाडीचं दार वाजल्याचं मी ऐकलं. परत आला तेव्हा शर्टाच्या वरच्या खिशात फोन होता, आणि तो खिशाचं बटण लावत होता.

"आता?" त्याने विचारलं.

"आता दोन वाजता माणसं येणार आहेत. घर बघायला."

"तुला जायचंय?"

इतकं साधं मला कुणी विचारलंच नव्हतं. मेर्वीने विचारलं होतं, मला भीती वाटते का. डॉक्टरने विचारलं होतं, दुखतं का. मी ओठ चावले आणि म्हटलं, "नाही. मला इथेच राहायचंय. तू समोर दिसतोस तिथे."

ताइस्तोचे कान लाल झाले. त्याने बादली उचलली, धक्क्यावर गेला आणि आपली होडी उपसायला लागला. पाच दिवस फुगलेली होडी, एक थेंब आत येत नव्हता. माझ्या होडीत त्याने तेच धोंडे ठेवले आणि ती आपल्या धक्क्याला बांधली.

"तीन दिवस इथेच राहू दे," तो म्हणाला. "मंगळवारी न्यायला ये."

"होडीशिवाय कशी येऊ?"

"मी आणायला येईन की."

तो वल्हवत होता, मी त्याच्या मोज्यांत बसले होते. माझ्या किनाऱ्यावर मेर्वीची गाडी आधीच उभी होती, आणि मेर्वी पाण्याच्या कडेला, हात डोक्यावर. होडी जागेवर नाही, आई घरात नाही, मला तिच्यासाठी वाईट वाटलं. पाण्यात पाय घालून ती आम्हाला सामोरी आली.

"आई! काय चाललंय हे? मला वाटलं तू..."

मी तिला जवळ घेतलं. तिला सगळं सांगितलं, सरळ, पाण्याकडे न बघता. ती ऐकत होती, नाक ओढत. मग ताइस्तोकडे वळली.

"काका, हिने फोन केला तर उचलणार?"

ताइस्तोने खिशाचं बटण उघडून फोन दाखवला, परत बटण लावलं. "रोज सकाळी आठला मी करीन," तो म्हणाला. "उचलला नाही तर येईन."

"आणि तळं धड गोठलेलंही नसतं, धड सुटलेलंही नसतं, तेव्हा?"

"तेव्हा चौदा किलोमीटर."

मेर्वीने येणाऱ्या माणसांना फोन लावला आणि बोलत बोलत घराच्या मागे गेली. परत आली ती उरलेल्या खोक्यांपैकी सतरंज्यांचं एक घेऊन. "एक हिवाळा," ती मला म्हणाली. "एक बघू. पुढचं पुढे."

आम्ही तिघांनी धक्का पाण्यात ढकलला. मेर्वीने साबण लावला, मी उजव्या हाताने घासलं, ताइस्तोने बादल्या ओतल्या. पाच सतरंज्या झाल्या, बाकीच्या कुओपिओत होत्या. लाल पट्ट्यांची मी शेवटी घातली, दांडीच्या मधोमध. मेर्वी पाव गरम करायला आत गेली.

ताइस्तो बादली हातात धरून पलीकडे बघत उभा होता. तिथे त्याच्या धक्क्यापाशी माझी होडी बुडालेली, काठाची रेघ तेवढी वर.

"इथून सगळं दिसतं की," तो म्हणाला. "धक्का, होडी. मी कधी उपसतो तेसुद्धा दिसत असेल."

"दिसतं."

"रोज बघतेस?"

"अकरा वर्षं," मी म्हटलं.

त्याने बादली खाली ठेवली आणि माझ्या शेजारी धक्क्यावर बसला.