तुच्छतेचं बटण

"यात तुच्छतेचं बटण कुठलं?" मेट्रनबाईंनी विचारलं.

पांढऱ्या कोटातली डॉक्टरीण जरा चपापली. तिने अजून यंत्र सुरूही केलं नव्हतं. "सांगते ना, काकू. आधी सगळं नीट समजावते."

"समजावायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? आणि काकू कोणाला म्हणतेस? मेट्रनबाई म्हणतात मला."

"बरं, मेट्रनबाई. हे पाचवं. खाली लिहिलंय बघा."

लिहिलं होतं खरं. एका लाकडी पट्टीवर बटणांची रांग, आणि प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी चिकटवलेली: आनंद, दुःख, भीती, राग, तुच्छता आणि शेवटी 'काहीच नाही'. 'भीती'ची चिठ्ठी अर्धी सुटून लोंबत होती. मेट्रनबाईंनी नाक मुरडलं. म्हणे मेंदूचं संशोधन! ज्यांना धड चिठ्ठी चिकटवता येत नाही, ते माणसाच्या डोक्यात काय शिरणार, कपाळ!

नवरा बाहेर बाकावर बसला होता. गेल्या आठवड्यात त्याला याच खोलीत बसवून, बोटांना वायरी लावून, त्याच्या चेहऱ्याचं शूटिंग केलं होतं. कधी त्याला गमतीची फिल्म दाखवली, कधी वाईट बातमी, कधी नुसत्या गप्पा मारल्या. आता बायकोने ते तुकडे आवाजाशिवाय बघायचे, आणि त्या वेळी नवऱ्याला काय वाटत होतं ते बटण दाबून सांगायचं. एवढ्यासाठी रजा टाकून, दोन बस बदलून यायचं. लोकांना पगार तरी कशाकशाचे मिळतात!

"चालू कर," मेट्रनबाई म्हणाल्या. "उगाच वेळ नको."

चेहरे वाचण्याच्या बाबतीत त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मुलींच्या वसतिगृहात त्यांची उभी हयात गेली होती. कुठली पोरगी आजारी आहे आणि कुठली आजाराचं सोंग करतेय, कोण घरच्या आठवणीने रडतंय आणि कोण भलत्याच आठवणीने, हे त्या जिन्यावरून ओळखत. उडत्या पाखराची पिसं मोजणारी बाई, असं मुली पाठीमागे म्हणत, आणि ते कानावर आलं की मेट्रनबाईंना बरं वाटे.

पडद्यावर नवऱ्याचा चेहरा आला. तोच तो. डोळे उघडे, पापणी हलायला तयार नाही, गाल ढिले, ओठ जेमतेम मिटलेले. समोरचा मनुष्य म्हणजे आपल्या खिजगणतीतही नाही, असा. मेट्रनबाईंनी पाचवं बटण दाबलं. दुसरा तुकडा, पाचवं बटण. तिसरा, पाचवं. डॉक्टरीण म्हणाली, "घाई नाही हं, विचार करून दाबा." त्यावर मेट्रनबाई म्हणाल्या, "ज्याचं त्याला माहीत, बाई. या तोंडासमोर मी दोन वेळा जेवते."

घरात त्यांनी त्याला नाव ठेवलं होतं, मख्खशेठ. पूर्वी असा नव्हता. चपलांच्या दुकानात सेल्समन होता आणि गिऱ्हाईक हसवून त्याच्या गळ्यात दोन जोड मारणारा होता. मग हळूहळू तोंडावरचं हसू आटत गेलं. शेवटी मालकाने सांगितलं, "अहो, लोकांना वाटतं तुम्ही त्यांच्या पायांना नावं ठेवताय," आणि त्याला वरच्या माळ्यावर खोकी लावायला बसवलं. त्या दिवशी मेट्रनबाई त्याला म्हणाल्या होत्या, "हसायला काय दात पडतात का तुमचे?" त्यावर तो नुसता बघत राहिला. तसाच.

पाय ओढत चालणं, हाताची थरथर, हे सगळं अलीकडचं. डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं. मुलीने फोनवर रडून गोंधळ घातला, रोज सकाळी आईला नव्या नव्या संशोधनाची कात्रणं मोबाईलवर पाठवू लागली. मेट्रनबाई ती न वाचता पुसून टाकत. नवऱ्याच्या गोळ्या त्या वेळेवर देत, शर्टाची बटणं लावून देत. कर्तव्यात कसूर नाही. पण रोग आत्ताचा आणि तोंड कितीतरी वर्षांचं, हा हिशेब त्यांचा पक्का होता. आजारी माणूस तुसडा नसतो असं थोडंच आहे?

आणि भावाची गोष्ट त्या विसरणार नव्हत्या. धाकटा भाऊ, पाठचा, त्यांच्या कडेवर वाढलेला. तो गेला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, शेजारणीसुद्धा रडत होत्या. हा बाथरूममध्ये गेला, नळ सोडला आणि तोंड धुऊन बाहेर आला! टॉवेलनेही पुसलं नव्हतं. मेट्रनबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "माझा भाऊ गेलाय, आणि तुम्ही फ्रेश होऊन येताय?" त्या दिवसापासून त्यांच्या मनातून तो उतरला तो उतरलाच.

आता तर त्यांचं ठरलंही होतं. त्याच्यासाठी एक माणूस ठेवायचा, आणि आपण रविवारी बहिणीकडे जायचं ते कायमचं. परवा चहा पिताना त्यांनी तसं सांगून टाकलं. कप धरलेला त्याचा हात थरथरत होता, पण तो नेहमीच थरथरे. तो म्हणाला, "बरं." आणि थोड्या वेळाने, "जायच्या आधी एकदा त्या दवाखान्यात चल. नवरा-बायको दोघं लागतात त्यांना."

शेवटचा तुकडा संपला. पाचवं बटण.

"झालं?" मेट्रनबाई पर्स उचलत म्हणाल्या.

डॉक्टरीण कागदाकडे बघत होती. "मेट्रनबाई, यातलं एकही उत्तर जुळत नाहीये."

"कशाशी?"

"ते स्वतः काय म्हणाले त्याच्याशी. शिवाय बोटांच्या वायरींवरून मनातली खळबळ कळते, तिच्याशी. हा दुसरा तुकडा बघा, इथे ते मनापासून हसत होते. म्हणजे आतून. या आजारात चेहऱ्याचे स्नायू हुकूम ऐकत नाहीत. भावना असते, पण चेहऱ्यावर पोचत नाही. जवळची माणसं फसतात. सगळ्यांच्याच बायका चुकतात हो."

"मी सगळ्यांची बायको नाही," मेट्रनबाई फणकारल्या. "आणि रोग कधीचा, तोंड कधीचं! आत्ता आत्ता हात थरथरायला लागलाय."

"हात उशिरा थरथरतो. मेंदूत बिघाड त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. काही जणांचा चेहरा आधी जातो. घरच्यांना वाटतं, माणूस शिष्ट झाला."

"वा! म्हणजे आमच्या संसारातलं सगळंच आता मेंदूवर ढकलायचं! सोय झाली की!" मेट्रनबाईंचा आवाज चढला होता. "मुली मला सांगायच्या, बाई, माझं डोकं दुखतंय म्हणून अभ्यास नाही झाला. तसलंच हे. नवरा तुच्छ लेखतो, तर म्हणे स्नायूंचा दोष. पुरावा दाखव."

डॉक्टरिणीने हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाली, "शेवटच्या तुकड्याचा आवाज आहे. तुम्ही मागितलात तरच ऐकवा, असं ते म्हणालेत."

"मागतेय की! लाव."

तोच चेहरा पुन्हा आला. आवाज बारीक, एकसुरी, पुटपुटल्यासारखा. मेट्रनबाईंना कान पुढे करावा लागला.

"माझी बायको आली ना, की ती सगळीकडे एकच बटण दाबेल," नवरा म्हणत होता. "बघा तुम्ही. फार हुशार आहे ती, म्हणून मत बदलत नाही." पडद्याबाहेरून डॉक्टरीण हसल्याचं ऐकू आलं. त्याच्या तोंडावरची रेषा हलली नाही. "दुःखाचं सांगू? मेहुणा गेला तेव्हाचं. पोरासारखा होता मला. शेवटी शेवटी दवाखान्यात रोज रात्री मीच असायचो त्याच्याजवळ. तो गेला, सगळे रडत होते. माझ्याही आत नुसतं ढवळत होतं. बाथरूमच्या आरशात पाहिलं, तर तोंड ठार कोरडं. म्हटलं, हिला काय वाटेल? म्हणून डोळ्यांवर पाणी मारलं. गालांवरून ओघळू दिलं. पुसलं नाही, मुद्दाम. बाहेर आलो, तर ती म्हणाली, फ्रेश होऊन आलात का?"

एवढं बोलून तो थांबला. डॉक्टरिणीने पडदा बंद केला.

मेट्रनबाई बसून राहिल्या. पहिल्यांदा त्यांना संताप आला, तो या पोरीचा. परक्या पोरीला घरातलं कळलं! मग नवऱ्याचा आला. बावळट मनुष्य! बाई गं, मला रडू येत नाहीये, असं सांगायला जीभ नव्हती का? पाणी कसलं मारतोस तोंडाला? आणि मग, मन दुसरीकडे वळवायला काहीच शिल्लक उरलं नाही तेव्हा, त्यांना स्वतःची किळस आली. उडत्या पाखराची पिसं मोजणारी! घरातला एवढा थोरला माणूस दिसला नाही. त्यांनी बटणांच्या पट्टीकडे बघितलं. किळसेचं बटण त्यात नव्हतंच.

"पाणी देऊ?" डॉक्टरिणीने विचारलं.

"नको. आणि ती चिठ्ठी नीट चिकटव," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि बाहेर आल्या.

नवरा बाकावरून उठायला लागला. त्याला उठायला वेळ लागे. एरवी त्या काखेत हात घालून उचलत, आज नुसत्या उभ्या राहिल्या. तो बाकाला धरून स्वतःच उठला. मग दोघे बसस्टॉपपर्यंत आले. दुपारची वेळ, शेडखाली आणखी कोणी नव्हतं. दोघे तिथल्या बाकावर टेकले. रस्त्यावरून ट्रक धडधडत जात होते.

"आवाज ऐकला मी," त्या म्हणाल्या.

"हं."

मेट्रनबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. निरखून, अगदी जवळून. आता एवढं कळल्यावर तरी काहीतरी दिसेल, डोळ्यांच्या कोपऱ्यात थोडी माया, निदान थोडं दुःख, असं त्यांना वाटलं होतं. काही म्हणजे काही नव्हतं. मख्ख.

"आत्ता काय वाटतंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं. असं विचारायची त्यांना सवय नव्हती. आवाज वसतिगृहातलाच निघाला.

"राग," नवरा म्हणाला.

"कोणाचा?"

"तुझा."

त्यांनी काय काय ऐकायची तयारी केली होती! माफ केलं म्हणेल, जाऊ दे म्हणेल, बिचारा आहे, म्हणेलच. "खूप?"

"खूप. फार दिवसांचा आहे." तो श्वास घ्यायला थांबला. "तुला जायचंय ना बहिणीकडे? जा. मला सोडायचं तर सोड. आजारी नवरा नकोसा झाला म्हणून जा, कंटाळलीस म्हणून जा. मी अडवणार नाही. पण माझ्या तोंडाकडे बघून जाऊ नकोस."

एवढ्यात एक ट्रक गेला आणि पुढचं काहीच ऐकू आलं नाही. त्याचे ओठ मात्र हलत होते. मेट्रनबाईंनी आयुष्यभर लोकांना 'मोठ्याने बोल' म्हणून दरडावलं होतं. तसं त्या म्हणाल्या नाहीत. बाकावर सरकून त्याला चिकटून बसल्या, तोंड समोर रस्त्याकडे केलं आणि कान त्याच्या ओठांशी नेला.

"सुरुवातीपासून सांगा," त्या म्हणाल्या. "मी बघत नाही तुमच्याकडे."

तो बोलू लागला. सावकाश, एका सुरात, मधे मधे थांबत. दुकानातल्या माळ्यापासून सुरुवात केली त्याने. त्यांची बस आली. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "यायचंय का, मावशी?" मेट्रनबाईंनी मान न वळवता हातानेच त्याला जा म्हणून सांगितलं. बस गेली, तिचा धूर उडाला, आणि नवरा बोलतच राहिला.