वेल, जांभळा

खिडकीला बांधलेल्या पाच दोऱ्या महिनाभर रिकाम्याच लोंबत होत्या. खाली लावलेला घेवडा वर चढायचं नाव घेईना. गुडघ्याएवढा वाढला, तिथंच झुडपासारखा पसरला आणि एका सकाळी पांढरी फुलं मिरवत उभा राहिला.

पुडीताईनं वाकून एक फूल उलटसुलट करून पाहिलं. अण्णांच्या घेवड्याला फूल जांभळं, शेंगांवर जांभळ्या रेघा, आणि वेल असा की छपराला हात लावल्याशिवाय थांबत नाही. हा कुणी भलताच पाहुणा होता.

"चढला का गं?" आतून अण्णांनी विचारलं.

"चढतोय, अण्णा."

"मग मला दिसत कसा नाही?"

अर्धं अंग गेल्यापासून वडिलांची खाट खिडकीशी होती. लेक कधी ओळखू यायची, कधी यायची नाही. घेवड्याची चौकशी मात्र एक दिवस चुकली नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी ते बी जपलं होतं आणि डब्यात त्याची ही शेवटची पुडी उरली होती. डॉक्टर आता पुढच्या हंगामाचं बोलत नसत. वेल दिसायचा तर याच वर्षी.

पुडीताई दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर कामाला होती. लहान मुलांसाठी गोळ्या कुटायच्या, सारखे भाग करायचे, कागदी पुड्या बांधायच्या. त्यावरूनच तिचं हे नाव पडलेलं. एका पुडीवर दुसरीचं नाव गेलं तर काय होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. या पुडीवर तर अण्णांच्याच ठसठशीत अक्षरात 'वेल, जांभळा' लिहिलेलं होतं. पेरताना घाईत फाडून फेकली ती. पण अक्षर डोळ्यांपुढे होतं. म्हणजे आतलं बी कुणीतरी बदललं.

आणि ते कुणी, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाई. शाळेत तिला विज्ञान शिकवलेल्या. आता वाचनालयातली बियांची देवघेव त्याच बघत. पुस्तकांच्या कार्डांच्या जुन्या खणांत आता बियांच्या पुड्या असत. गेल्या वर्षी अण्णा पडले त्या गडबडीत तिनं त्यांचा अख्खा डबा बाईंकडे ठेवला होता. "यातली बुटक्या घेवड्याची पुडी तुम्हाला घ्या, बाकीचं परत द्या," एवढंच सांगून. डबा शनिवारी गेला, सोमवारी आला. दोन दिवस! आणि याच बाईंनी वाचनालयासाठी अण्णांकडे वेलाचं बी चारदा मागितलं होतं. चौथ्यांदा अण्णांनी त्यांना फाटकातूनच वाटेला लावलं होतं.

"अगं, घेवड्याची चोरी कोण करतं?" नवरा हसला.

"तू बाईंना ओळखत नाहीस. खडूचे तुकडे मोजून परत घ्यायच्या त्या."

"मग त्या घेणाऱ्या नाहीत, मोजणाऱ्या आहेत."

त्याचं बोलणं तिनं कानाआड केलं. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ती मुद्दाम मागच्या बोळातून आली. बाईंच्या न्हाणीघराच्या पत्र्यावर जांभळी फुलं डुलत होती. खाली वाळलेल्या शेंगांवर जांभळ्या रेघा.

तिनं दार ठोठावलं, अगदी पोस्टमनसारखं.

"ये, ये," बाईंनी दार उघडलं. "तुझ्याकडेच येणार होते भांडायला."

"तुम्ही? माझ्याशी?"

"मग काय! स्टुलावर चढवत नाही म्हणून मी बुटका घेतला. आणि तू काय दिलंस? शेंगा काढायला दूधवाल्याच्या हातापाया पडावं लागतं. म्हातारीची गंमत केलीस ना?"

"बाई, तो वेल आमचा आहे. अण्णांचा. तुम्ही बी बदललंत."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. नववीत कॉपी करताना पकडलेल्या मुलीकडे बघावं तशा. मग आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. आलेली प्रत्येक पुडी त्या तारीख घालून वहीत जपत.

"हे अक्षर कुणाचं?"

'बुटका, पांढरा.' अक्षर अण्णांचं. घडीसुद्धा तिनंच त्यांना शिकवलेली, औषधाच्या पुडीची.

"बी काढलं आणि तशीच ठेवली. उलगडून वाचायला मला तरी कुठं सुचलं?" बाई म्हणाल्या.

पुडीताईनं कागद पूर्ण उलगडला. दुमडीच्या आत पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं: 'आत वेल. बाईंना कळू द्यायचं नाही.'

मग बाईंना असं हसू फुटलं की त्यांना चष्मा काढावा लागला.

"म्हणजे जिच्यापासून लपवलं, तिच्याच घरी तू पोचतं केलंस!"

पुडीताईला हसूही येईना, मान वर करवेना. "चुकले मी, बाई."

"शेंगा घे. वेलही तोड हवा तेवढा. आणि जाताना स्टूल जागेवर ठेव."

घरी आल्या आल्या तिनं डबा उपडा केला. अठरा पुड्या. वर मुळा, दुमडीत लिहिलेलं पालक. पिवळ्या झेंडूच्या आत केशरी. बाकीच्यांच्या आत काहीच लिहिलेलं नाही. एकाही नावावर विश्वास ठेवायची सोय नव्हती. आता प्रत्येकीतलं बी रुजवून, पान-फूल बघूनच ओळखायला लागणार होतं.

तिनं बाईंकडचा वेल पाण्याच्या बाटलीत खोचला, बाटली खिडकीत ठेवली आणि वेल पाचही दोऱ्यांवर पसरला.

अण्णा बराच वेळ बघत होते. मग त्यांनी चालता हात पुढे केला. तिनं शेंग दिली. रेघांवरून त्यांचा अंगठा फिरला.

"चढला," ते म्हणाले. आणि लगेच आवाज खाली आणून, "कुणाला दिलं नाहीस ना बी?"

"नाही."

"त्या बाईंवर लक्ष ठेव. पुडीवर बुटका लिही."

तिनं शेंगा सोलल्या, दोन पुड्या बांधल्या. एक डब्यासाठी, एक वाचनालयातल्या खणासाठी. दोन्हींवर 'अण्णांचा वेल, जांभळा' असं नीट लिहिलं.

"काय लिहिलंस? वाच."

"बुटका, पांढरा," ती म्हणाली.

अण्णांनी समाधानानं डोळे मिटले. शेंग मात्र मुठीतच ठेवली.