तेल टिपणारी चिंधी

पांढरी ओळ

मी एक जुनी चिंधी आहे. हसू नका, मित्रांनो. स्वतःची गोष्ट सांगायला नदी येते, झाड येतं, फार तर फाटकी छत्री येते. चिंधीला कोण विचारतो? पण काकूंच्या शिलाई मशीनच्या खणात माझ्याइतकी वर्षं कुणीच काढलेली नाहीत. सुया मोडल्या, कात्र्या बोथट झाल्या, बॉबिनी गडगडत कपाटाखाली गेल्या. मी आहे.

उशीचे अभ्रे बेतताना मी उरले. माझी भावंडं उशांवर जाऊन बसली आणि मला काकांनी उचललं. काका गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री. म्हणाले, "ही राहू दे. तेल टिपायला होईल."

मशीनला तेल दिलं की थोडं जास्तीचं झिरपतं आणि जे कापड पहिलं येईल त्याला डाग पाडतं. तो पहिला डाग माझा. मला मशीनच्या सुईजवळच्या पायाखाली दाबून ठेवायचं, तेल प्यायला द्यायचं आणि मग माझ्यावर एक टीप मारून बघायची. दोरा स्वच्छ निघाला की मगच गिऱ्हाइकाचं कापड. त्या दिवशी मशीनवर जो दोरा असेल त्याची एक ओळ माझ्या अंगावर राहते. माझी पहिली ओळ पांढरी.

निळी, तिच्या शेजारी खाकी, तिच्या शेजारी परत निळी

हे सुखाचे दिवस. निळी ओळ शाळेच्या गणवेशांची, खाकी ड्रायव्हरांच्या शर्टांची. सुट्टीच्या दिवशी काका पट्टा उतरवायचे, मशीन मागे कलंडवायचे, ब्रशने भुगा झाडायचे आणि लांब नाकाच्या कुपीने प्रत्येक भोकात एकेक थेंब सोडायचे. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या.

"अहो, थेंब म्हटलं की थेंब. तेल पाजायचंय, अंघोळ नाही घालायची."

"तू टिपा मार. ज्याचं काम त्यानं करावं."

गल्लीत म्हणायचे, काकूंचं मशीन चालत नाही, मांजरासारखं घुरघुरतं. कौतुक सगळं मशीनचं. माझ्या वाट्याला एवढंच: "ती तेलकट चिंधी कुठे मेली?" पण मी सापडले नाही तर दोघं घर डोक्यावर घ्यायचे. मी त्यालाच कौतुक समजत आले.

कोरी जागा

इथे ओळ नाही.

काका निवृत्त झाले. आता वेळच वेळ, असं मला वाटलं होतं. पण काकूंनी तेलाचं नाव काढलं की ते म्हणायचे, "उद्या करतो." उद्याला काय, तो रोज येतो.

मी खणात पडून ऐकत असे. घुरघुर गेली, खरखर आली. मग खरखरीत काकूंचा दम ऐकू यायला लागला. चार टिपा मारल्या की थांबायच्या, गुडघे चोळायच्या.

"गेले माझे गुडघे."

सगळ्यांना ते लगेच पटलं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बास झालं आता. किती राबशील?" शेजारणीने मलमाची डबी दिली. काका खिडकीबाहेर बघत बसले. आणि एक दिवस काकूंनी नणंदेला शब्द दिला, "वन्सं, मशीन तुम्ही घेऊन जा. माझ्याच्यानं आता होत नाही."

त्या दिवशी काकूंनी दोऱ्यांची रिळं एका पिशवीत भरली, पिशवीला गाठ मारली आणि परत सोडली.

काळपट डाग

ज्या दिवशी नणंदबाई यायच्या होत्या, त्या सकाळी काकूंनी पदर खोचला. "वन्सं आधी बोट फिरवतील आणि मग बसतील. बोटाला काळं लागलं तर ते जन्मभर माझ्या नावानं दाखवत फिरतील. अहो, काढा ती कुपी."

काकांचा नाइलाज झाला. त्यांनी कुपी धरली. पहिला थेंब भोकाच्या बाजूला पडला. दुसरा टेबलावर. तिसरा काकूंच्या पायावर.

"अहो, मशीन तिकडे आहे."

"हात हलला."

"हात नाही हलला. भोक दिसतंय का तुम्हाला?"

काकांनी कुपी टेबलावर ठेवली.

"कधीपासून?"

"थोडं धूसर होतं. बरेच दिवस झाले."

"म्हणून उद्या, उद्या?"

"आयुष्यभर इंजिनं खोलली मी. आता टाचणीएवढं भोक दिसत नाही, हे कुणाला सांगू?"

"मला! रोज समोर बसते ती कोण, भिंत?"

मग काकूंनी ब्रश ओढून घेतला. "तुम्ही सांगा, मी करते."

काका बोटांनी चाचपून जागा दाखवत गेले. सुईखालची पट्टी काढली, तर कापड सरकवणाऱ्या दातांखाली भुग्याची जाड गादीच तयार झालेली. जुनं तेल डिंकासारखं चिकटलेलं. ते रॉकेलने पुसलं. खाली पायडलच्या चाकाच्या आसाला दोरे गुंडाळलेले होते आणि दोऱ्यांत काकूंचे केस. आतल्या थराला काळे, वरच्या थराला पिकलेले. काकू क्षणभर बघत राहिल्या, मग कात्रीने सगळं कापून काढलं. नवं तेल घातलं. खण उघडला.

"ही बघा, आहे अजून!"

मला पायाखाली ठेवलं. उरलंसुरलं काळं तेल मी प्यायले. काकूंनी सवयीने दोन्ही पायांनी जोर लावला आणि मशीन असं उधळलं की टीप माझ्या अंगावरून सरळ कडेबाहेर गेली. काकू थांबल्या. मग एका पायाने चालवून पाहिलं. मग नुसत्या चवड्याने.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "गुडघे गेले नव्हते हो."

हिरवी ओळ

ती उधळलेली टीप हिरवी होती. मी तिच्याकडे बघत होते तेवढ्यात नणंदबाई आल्या. दारात हातगाडीवाला उभा. नणंदबाईंनी बोट फिरवलं, उलटसुलट करून पाहिलं, मग बसल्या आणि पायडल दाबलं.

"अगं बाई! हे तर वाऱ्यासारखं पळतंय. वहिनी, एवढं चांगलं मशीन देतेस मला?"

"नाही देत."

"म्हणजे?"

"म्हणजे ठेवून घेते."

"शब्द दिला होतास, वहिनी! मी घरी कोपरा रिकामा केला. गाडी बोलावली."

"शब्द दिला होता तो जड मशीनचा. ते मशीन सकाळीच गेलं."

नणंदबाईंच्या नाकपुड्या फुगल्या. दिलेला शब्द म्हणजे शब्द, एवढं मलाही कळतं. माझ्या अंगातला दोरा न् दोरा ताणला गेला.

"दादा, तू तरी बोल काहीतरी."

"मी काय बोलू? मला तर दिसतही नाही."

नणंदबाईंना हसायचं नव्हतं, पण हसू फुटलं. पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "आणि माझा कोपरा?"

"पडद्यांचं कापड पाठवून द्या. शिवून देते."

"सगळ्या खिडक्यांचे?"

"सगळ्या. दारांचेसुद्धा."

"झालर लावून?"

"आता गुरुदक्षिणेसारखा अंगठाही मागाल."

दारातून हातगाडीवाल्याचा आवाज आला, "मग काय उचलायचं ते सांगा, ताई."

काकूंनी काकांकडे बोट केलं. "यांना उचला. चष्म्याच्या दुकानाशी उतरवा."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी म्हणालं, "आता होत नाही माझ्याच्यानं," तर लगेच मान डोलवू नका. आधी खाली वाकून चाकाचा आस बघा. आणि कुणी सारखं "उद्या करतो" म्हणत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याच्या हातात कुपी द्या आणि थेंब कुठे पडतो ते बघा.

पडद्यांतून थोडं कापड उरलं. काकांनी नव्या चष्म्यातून मला उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "हिच्यावर आता एका ओळीपुरती जागा उरलीय." काकूंनी पडद्याचा तो तुकडा माझ्या कडेला जोडला, जिथून हिरवी टीप बाहेर पळाली होती, तिथेच.

तो तुकडा अजून अगदी कोरा आहे. तेलाला नाक मुरडतो. शिकेल.