बगळ्यांच्या टोप्या

“मग, काय झालं आपल्या बगळ्यांचं?” रंगूआक्कानं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

“हारले,” ताहेरा म्हणाली.

“परत?”

“परत.”

“काय रोग आलाय गं मेल्यांना? गेल्या साली कसं वाघावानी खेळत हुते!”

टेबलाभोवतीच्या बायकांनी लोकर पुढं ओढली. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या लहानशा कारखान्यात दर सोमवारी सकाळी असंच व्हायचं. आधी पंखे सुरू होत, मग यंत्रं, आणि मग कुणीतरी बगळ्यांची चौकशी करी.

कारखाना लोकरीच्या टोप्यांचा. मालक उदयसिंह तासगावाकडचा, ऊसवाल्या घरातला, चाळिशीचा माणूस. दोन वर्षांपूर्वी कॉलेजातल्या जुन्या मित्राच्या ओळखीनं त्याला अमेरिकेतलं एक काम मिळालं होतं. तिकडं उत्तरेला, एका मोठ्या सरोवराकाठी, बर्फ पडणारं एक शहर आहे. त्या शहराचा अमेरिकन फुटबॉलचा धंदेवाईक संघ आहे, हेरॉन्स नावाचा. हेरॉन म्हणजे बगळा, हे उदयसिंहानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, आणि त्यानंतर हेरॉन्स हे नाव कारखान्यात कुणी घेतलं नाही. संघाला बगळे म्हणत आणि मालाला बगळ्यांच्या टोप्या. निळी टोपी, कपाळावर पांढरा बगळा, आणि वर निळ्यापांढऱ्या लोकरीचा गरगरीत गोंडा. टोपी यंत्रावर विणली जाई, बगळा यंत्रावर उमटे. गोंडा मात्र हातानं शिवावा लागे. ते काम ताहेराच्या टेबलाचं. ऑक्टोबरच्या उन्हानं पत्रा तापलेला असे आणि त्याखाली दहा-बारा बायका मांडीवर लोकरीचे ढीग घेऊन घाम पुसत गोंडे लावत बसत.

गेल्या वर्षी बगळे जिंकतच सुटले होते. टोप्या पुऱ्या पडेनात. उदयसिंहानं टेबलावर नव्या बायका घेतल्या, एक यंत्र वाढवलं, दिवाळीला सगळ्यांना मिठाईचे डबे वाटले. यंदा सप्टेंबरात हंगाम सुरू झाला आणि बगळे हरायला लागले. संघ हरला की टोप्या तिकडच्या दुकानांत पडून राहतात, इतकं व्यवहाराचं ज्ञान टेबलावरच्या प्रत्येकीला होतं.

बातमी आणायचं काम ताहेराकडं आपसूक आलं होतं. ताहेरा नदाफ पन्नाशी ओलांडलेली, या कारखान्यात सर्वांत जुनी. तिची मुलगी अर्फा मिरजेला नर्सिंग शिकत होती. सामना तिकडं रविवारी दुपारी व्हायचा, तेव्हा इकडं सगळी झोपलेली. सोमवारी सकाळी ताहेरा भाकऱ्या थापायला बसली की अर्फा मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून सामन्यातलं निवडक दाखवणारी चित्रफीत लावून देई आणि आपलं आवरायला जाई.

ताहेराचा नवरा चांदसाहेब पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवायंड करून द्यायचं दुकान चालवायचा. तो क्रिकेटचा भक्त होता. चहा पिता पिता तो मान वाकडी करून बघे आणि दर वेळी तेच म्हणे, “ह्याला फुटबॉल म्हनायचं? पाय तर लागंना चेंडूला!”

“आवं, गप बसा. बघू द्या.”

“काय बघतीस? हारलेलंच बघायचं.”

सुरुवातीला ताहेराही नुसता निकाल बघून मोबाइल पालथा ठेवायची. खेळ तिला कळत नव्हता. खारकेसारखा लंबुळका चेंडू, हेल्मेट घातलेले आडदांड गडी. एकमेकांसमोर वाकून उभे राहायचे आणि एकदम भिडायचे. रंगूआक्कानं एकदा बघितलं आणि म्हणाली, “हा काय खेळ झाला? एष्टीत चढताना हुती की अशी गर्दी.”

पण हळूहळू ताहेराला त्या गर्दीत एक माणूस दिसू लागला. एकाहत्तर नंबरचा. पोट सुटलेला, पाय जाडजूड. त्याच्या हाती चेंडू कधीच यायचा नाही. तो फक्त समोरून येणाऱ्याला छातीवर घ्यायचा, म्हणजे मागं उभ्या असलेल्या पोराला चेंडू फेकायला सवड मिळायची. पोरगा बहुतेक वेळा चुकीचा फेकायचा. मग सगळे पडायचे, आणि एकाहत्तर नंबर आपण उठून आधी दुसऱ्यांना हात द्यायचा.

तिनं हे टेबलावर सांगितलं, तेव्हा रंगूआक्कानं विचारलं, “आन् चेंडू?”

“चेंडूला हातबी लावत न्हाई तो.”

“म्हंजे थोरल्या सुनंसारखं की. राबायचं हिनं आन् नाव दुसऱ्याचं.”

टेबल हसलं. त्या दिवसापासून त्याचं नाव थोरला पडलं. सोमवारच्या प्रश्नात भर पडली. बगळे हरले का, आणि थोरला बरा आहे का.

नोव्हेंबरच्या शेवटी एका सोमवारी ताहेरानं जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या मोबाइलवर चित्रफीत लावली. लावायची कशी ते अर्फानं शिकवलं होतं. बायका डबे हातात घेऊन भोवती गोळा झाल्या. त्या दिवशी तिकडं बर्फ पडत होता. मैदान पांढरं, खेळाडूंच्या तोंडातून वाफा निघत होत्या. बसायच्या जागा अर्ध्याहून जास्त मोकळ्या होत्या.

“कोन येतंय हारलेलं बघायला,” रंगूआक्का म्हणाली.

तेवढ्यात पडद्यावर एक म्हातारी दिसली. एकटीच बसली होती. दोन्ही हातांत कागदी पेला, खांद्यांवर बर्फ, आणि डोक्यावर निळी टोपी कानांवरून पार खाली ओढलेली. वर गोंडा ताठ उभा होता.

“आपली!” टेबलावरची सर्वांत नवी, क्रांती, ओरडली. “आवं भाभी, आपली टोपी!”

“आपलीच हाय गं!”

“गोंडा बघ, गोंडा! हललाबी न्हाई.”

ताहेरानं चित्रफीत मागं नेली. पुन्हा म्हातारी, पुन्हा आरडाओरडा. यंत्रावरचे गडीसुद्धा काय झालं ते बघायला आले. सामना बगळे हरलेच, पण त्या दुपारी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. म्हातारीच्या डोक्यावर नक्की कुणी शिवलेला गोंडा आहे यावर सुट्टी संपेपर्यंत भांडण चाललं होतं.

डिसेंबरात उदयसिंह टेबलाजवळ आला आणि उभाच राहिला. त्याचा चेहरा बघून बायकांनी हात थांबवले.

“उरलेलं काम त्यांनी रद्द केलं,” तो म्हणाला. “विणून झाल्यात तेवढ्या टोप्या घेनार, बास. त्यासुद्धा सवलतीत विकनार म्हनं. तवा लवकर हातावेगळं करा. गोंड्याला दोन टाके घाला आन् सोडा. आता कोन तपासतंय?”

ताहेरा म्हणाली, “दादा, टाके हायत तेवढेच घालू द्या.”

“कशाला, भाभी?”

“जिंकताना कुनीबी टोपी घालतंय. आता जो घेईल त्याला खरंच थंडी वाजत असंल.”

उदयसिंह हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. “घाला बाई. तुमच्या मनासारखं करा.”

मग त्यानं तिला बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ बोलावलं. जानेवारीपासून निम्म्याच बायकांना पुरेल एवढं काम होतं. पाचगणीच्या एका शाळेच्या स्वेटरसाठी तो खटपट करत होता, पण ते झालं तर मार्चपासून. तोवर निम्म्या बायकांनी घरी बसायचं.

“नावं तुमी सांगा, भाभी. कोन कशी हाय ते तुमालाच ठावं.”

“मी?”

“मी सांगितलं तर सगळ्याजनी मला शिव्या देतील. तुमचं ऐकतील.” त्यानं मान खाली घातली. “मला न्हाई जमत हो.”

ताहेरा घरी आली. चांदसाहेबानं विचारल्यावर तिनं सांगितलं.

“सोपं हाय,” तो म्हणाला. “शेवटी आल्या त्या आधी जातील. समदीकडं असंच असतंय.”

“क्रांती शेवटी आली. डोंगरातल्या पाटनाकडची पोरगी, लग्न होऊन हितं आली. आत्ता कुठं स्कूटी शिकली. रोज कारखान्याच्या दारात हॉर्न वाजवून आत येते. तिला सांगू, उद्यापास्नं नको येऊ म्हनून?”

चांदसाहेबानं पेला खाली ठेवला. “मग कुनाला सांगनार?”

दुसऱ्या दिवशी ती टेबलावरच्या एकेकीकडं बघत राहिली. तशी नजर कुणावर टाकल्याची तिची तिलाच लाज वाटली. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा ती उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

“मालकांनी माझ्याकडं नावं मागितल्यात. मी देनार न्हाई. काय करायचं ते सगळ्याजनी मिळून ठरवा.”

क्रांती हळूच म्हणाली, “मी नवी हाय. मीच जाते.”

“तू गप,” रंगूआक्का म्हणाली.

“मला वाटतं,” ताहेरा म्हणाली, “आठवड्याचे तीन दिस निम्म्याजनी, तीन दिस निम्म्याजनी. थोडं थोडं समद्यांना.”

बऱ्याचजणींनी माना हलवल्या. पण रंगूआक्कानं डब्याचं झाकण आपटलं.

“तुला बोलायला काय जातंय गं? तुज्या घरात नवरा मिळवतोय. उद्या लेक मिळवंल. माझ्या घरात मीच हाय. अर्ध्या आठवड्यात मी काय करू?”

सगळ्यांसमोर तिनं ते म्हटलं, आणि ते खरंही होतं, म्हणून ताहेराला जास्त लागलं. बारा-तेरा वर्षं दोघी शेजारी बसत होत्या. ताहेरानं हातातला घास डब्यात ठेवला. ती म्हणाली, “माझ्यातला एक दिस तुमी घ्या, आक्का. मी दोन दिस येईन.”

रंगूआक्कानं डबा पिशवीत घातला. दुपारभर दोघींनी एकमेकींकडं न बघता गोंडे शिवले.

उदयसिंहानं ठरलं ते मान्य केलं. जानेवारी लागला तशी पाळी सुरू झाली. दोघी एकाच गटात होत्या; पहिल्या आठवड्यात रंगूआक्का गटाचे तीन आणि ताहेराच्या बदल्यात दुसऱ्या गटाबरोबर एक, असे चारही दिवस आली. ताहेराचा पहिला दिवस आला तेव्हा टेबलावर तिच्या जागी हिरव्यागार हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी ठेवलेली होती, मुळांना माती तशीच.

“भावाच्या रानातला हाय,” रंगूआक्का दोऱ्याकडं बघत म्हणाली. “अर्फाला आवडतोय न्हवं?”

“व्हय.”

“मग घेऊन जा. आन् शेवटचा सामना कवा हाय ते सांग.”

शेवटचा सामना त्याच रविवारी झाला. सोमवारी ताहेराची पाळी नव्हती, म्हणून तिनं चित्रफीत सावकाश बघितली. अर्फाही थांबली. बगळे यावेळी चांगले खेळले. अगदी शेवटी एक लाथ मारायची होती. दोन उंच खांबांमधून चेंडू गेला की जिंकले. अर्फानं आईचा दंड घट्ट धरला. चेंडू खांबाला टण्णकन लागला आणि बाहेर पडला.

“हात्तिच्या!” हे चांदसाहेबाच्या तोंडून आलं. तो कधी मागं येऊन उभा राहिला ते दोघींना कळलंच नव्हतं.

मैदानावर लाथ मारणारा तसाच गुडघ्यांवर बसला होता. थोरला त्याच्याकडं गेला, काखेत हात घालून त्याला उभं केलं, आणि मग स्वतःचं हेल्मेट काढलं. इतक्या महिन्यांत त्याचा चेहरा ताहेरा पहिल्यांदाच बघत होती. तिला वाटलं होतं, असेल तिशीच्या आतला. पण डोक्याला टक्कल होतं, दाढी निम्मी पांढरी झालेली, नाकावर जुन्या माराचा व्रण. आणि गडी हसत होता. जे थोडे लोक शेवटपर्यंत बसले होते त्यांच्याकडं तोंड करून तो टाळ्या वाजवत होता.

“ह्यो तर लय वयाचा हाय,” ताहेरा म्हणाली.

“पुढच्या साली असंल का संघात?” चांदसाहेबानं विचारलं.

“काय ठावं. ठेवला तर असंल.”

“कवा सुरू हुतंय पुढचं?”

“सप्टेंबरात.”

“मला रातीचं उठव, चालू सामना बघू,” तो म्हणाला आणि दुकान उघडायला गेला.

फेब्रुवारी असाच दोन-दोन दिवसांत गेला. महिना संपत आला असताना एका सकाळी उदयसिंहाचा फोन आला. पाचगणीचं काम मिळालं होतं. स्वेटर, मोजे, सगळं.

“एक तारखेपास्नं समद्याजनी पूर्ण आठवडा, भाभी. तुमीच निरोप द्या सगळ्यांना. चांगली बातमी तुमच्या तोंडून ऐकू दे त्यांना.”

तिनं पहिला फोन क्रांतीला केला आणि दुसरा रंगूआक्काला. रंगूआक्का नुसतं “बरं झालं बाई” म्हणाली आणि बराच वेळ फोन ठेवेना.

एक तारखेला अजून दोन दिवस होते. ताहेरानं पाणी तापवून केसांवरून अंघोळ केली. अर्फा कॉलेजला गेली होती, घरात कुणी नव्हतं. ती दाराच्या पायरीवर उन्हात केस मोकळे सोडून बसली. लग्नानंतर कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी, केस वाळवायला ती अशी कधी बसली नव्हती. समोरच्या शेवग्याला फुलं आली होती. दोन मुनिया त्यात शिरत होत्या, बाहेर येत होत्या.

वसाहतीकडून आठचा भोंगा झाला. तिचा हात सवयीनं चपलेकडं गेला. तिनं तो मागं घेतला, केस दुसऱ्या खांद्यावर टाकले आणि पाठ उन्हाकडं केली.