छत बसलेली निळी मोटार

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. लगेच रस्त्याकडे बघू नका, मी तुमच्या तळहातावर मावते. मी पेट्रोल पीत नाही, धूर सोडत नाही, आणि खरं सांगायचं तर आयुष्यात चार वितीसुद्धा धड पळालेले नाही. माझं छत मधोमध खाली बसलेलं आहे, पुढचे दिवे साडीच्या खड्यांचे आहेत आणि रंग असा गडद निळा आहे की नवीन माणूस एकदा तरी विचारतोच, हा असा का दिला म्हणून. ते मी आज सांगून टाकते. मला लपवायचं काही नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. जन्माच्या वेळी मी मोटार नव्हतेच. फांदीला चिंचा लोंबाव्यात तसे प्लास्टिकच्या काड्यांना लटकलेले सदुसष्ट पांढरे तुकडे, चार रबरी चाकं आणि चित्रांचा एक कागद, एवढीच मी होते. माझ्या खोक्यावर मात्र एक झकास मोटार छापलेली होती. खोक्यावरचं चित्र आणि आतला माल यांत किती अंतर असतं, हे माझ्याइतकं कोणाला कळणार?

सुरतेजवळ भेस्तानला साड्या छापणारी एक मिल होती. तिच्या शेठचा भाचा अमेरिकेहून आला तेव्हा मला घेऊन आला. त्याने खोकं उघडलं, दोन्ही दिवे काढून पाहिले, हरवले, आणि कंटाळून मला मामाच्या कपाटात टाकलं. दोन वर्षं मी जुन्या साड्यांच्या नमुन्यांखाली पडून होते. त्र्याण्णव सालच्या दिवाळीत शेठनी कपाट आवरायला काढलं आणि मी हाती लागले. त्यांनी धुडकूभाऊंना बोलावलं.

धुडकूभाऊ पाटील मूळचे अमळनेरकडचे, घरातली बोलीही तिकडचीच. अठरा वर्षं ते मिलच्या कलर किचनमध्ये होते. स्वयंपाकघरासारखीच ती खोली, फक्त तिथे भाजीऐवजी रंग कालवतात. साडीचा तुकडा पाहून तोच रंग बादलीत उतरवायचा, यात धुडकूभाऊंचा हात धरणारा कोणी नव्हता.

"धुडकूभाई, ये गाडी तुम बनाओ," शेठ म्हणाले आणि फिक्या आसमानी कापडाची एक चिंधी त्यांनी पुढे केली. "रंग आपणो आसमानी. अपनी पहली साडी का रंग है ये. लाभपाचम को मिल खुलेगी, तब मेरे टेबल पे चाहिए."

जुने रंगमास्तर त्याच दिवाळीत नोकरी संपवून गावी चालले होते. नवा मास्तर कोण, हे शेठ लाभपाचमीला, म्हणजे दिवाळीनंतरच्या पंचमीला, सांगणार होते. त्यामुळे मला काखेत घेऊन घरी निघालेल्या धुडकूभाऊंची छाती कशी धडधडत होती ते मी खोक्याच्या पुठ्ठ्यातूनही ऐकलं. त्यांना वाटलं, ही आपली परीक्षा आहे. शेठच्या मनात तसं काही होतं की नाही, देव जाणे.

घरी मला जोडलं ते सरलाबाईंनी. धुडकूभाऊंच्या या बायकोच्या बोटांचं कौतुक मी किती करू! त्या घरबसल्या साड्यांवर खडे चिकटवायचं काम करत. चिमटा त्यांच्या हातात सहाव्या बोटासारखा वागे. आठवीतली मुलगी हर्षदा चित्रांच्या कागदावरचे आकडे वाचून दाखवी, आणि सरलाबाई मटार सोलावेत तितक्या सहजपणे तुकडे काडीवरून सोडवून जागच्या जागी बसवत. हरवलेल्या दिव्यांच्या जागी त्यांनी साडीचे दोन पांढरे खडे लावले. "आते दख, कशी बघी रायनी," असं म्हणून त्यांनी मला आरशासमोर धरलं. मित्रांनो, मला कोणी पहिल्यांदा मोटारीसारखं वागवलं ते त्या दुपारी.

रंग धुडकूभाऊ स्वतः देणार होते. घरातल्या घरात त्यांनी तसा हुकूमच काढला होता. एरवी ते मिलमधून कापडाचे दोन तुकडे खिशात घालून आणत, हर्षदासमोर धरत आणि विचारत, यातला जास्त निळा कोणता? तिने बरोबर सांगितलं की शाब्बासकी देत. वर्षभर हा खेळ चालला होता. हर्षदाला वाटे, आप्पा माझी परीक्षा घेतात. या वेळी मात्र त्यांनी तिला काही विचारलं नाही.

पॉलिस्टरवर बसतो तो रंग त्यांनी पुडीत आणला होता. पॉलिस्टर म्हणजे तरी काय, एक प्रकारचं प्लास्टिकच, तेव्हा प्लास्टिकच्या मोटारीवर तो बसलाच पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. ऐकायला किती पक्का वाटतो बघा. त्यांनी गोंदात रंग कालवला. चिंधी घेऊन दारात गेले, उजेडाला धरली, डोळे शर्टाच्या टोकाने पुसले, परत आले आणि अजून चिमूटभर निळा घातला. पुन्हा दारात गेले. पुन्हा चिमूटभर घातला. असं सात-आठ वेळा झालं. मग माझं वरचं अंग सुटं करून त्यांनी त्यावर रंग फासला.

हर्षदा जवळ आली. तिने चिंधी पाहिली, मला पाहिलं.

"आप्पा, हाऊ तो रंग नही शे," ती हळूच म्हणाली.

"येडी, वाफ लागू दे," धुडकूभाऊ हसले. "मंग खुली जाई."

यात खोटं काही नव्हतं. साडीवर छापलेला रंग आधी मळकट, भलताच दिसतो. तो वाफेच्या पेटीतून जाऊन आला की खरा उमलतो. कलर किचनमधली माणसं दिवसातून दहा वेळा हे वाक्य बोलतात. धुडकूभाऊ मात्र गेलं वर्षभर ते दिवसातून पन्नास वेळा बोलत होते, आणि त्यांना हटकायची कोणाची टाप नव्हती.

भाऊबीजेच्या दुपारी सरलाबाईंचं फुनके उकडायचं पातेलं चुलीवर चढलं. डाळीच्या फुनक्यांऐवजी चाळणीत मी बसले. झाकण पडलं. मित्रांनो, त्या वीस मिनिटांबद्दल मी फार बोलणार नाही. एवढंच सांगते की मला घाम फुटला, मग गुंगी आली, आणि पाठीचा कणा मऊ मेणासारखा खाली खाली गेला.

झाकण निघालं. सरलाबाईंनी कपाळाला हात लावला. "टप बसी गया," त्या म्हणाल्या.

धुडकूभाऊंनी मला उचललं, वरचा गोंद पाण्याने धुतला आणि शेजारी चिंधी धरली. मग त्यांचं तोंड असं काही खुललं की मला माझ्या छताचा विसर पडला.

"टप जाऊ दे," ते म्हणाले. "रंग दख. एकदम बराबर."

बसलेलं छत तिघांनाही दिसत होतं. रंग मात्र दोघींनाच दिसत होता. तो वाफेने माझ्या अंगात असा मुरला होता की आता नखाने खरवडूनही निघाला नसता, आणि तो आसमानी नव्हता.

हर्षदाने मला त्यांच्या हातातून घेतलं. तिने चिंधी माझ्या पाठीवर ठेवली. "आप्पा, हाऊ शाईसारखा शे. आन हाऊ कपडा आभायसारखा."

धुडकूभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा चिंधीकडे. दारात जाऊन पाहिलं. परत येऊन ते पाटावर बसले.

"माले दोन्ही सारखाच दिसतस," ते म्हणाले.

तेव्हा हर्षदाला कळलं की वर्षभर आप्पा तिची परीक्षा घेत नव्हते. ते तिचे डोळे उसने नेत होते. ती रडली नाही. नुसती त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली.

"कितला दिन व्हई ग्यात?" सरलाबाईंनी विचारलं.

"वरीस व्हई गयं."

"माले काबर सांगं नही?"

रंगखोलीतल्या माणसाने रंग दिसत नाही म्हणून कसं सांगायचं? मास्तरकी राहिली बाजूला, उद्या कापडाचे ताके उचलायला पाठवतील, ही भीती त्यांना पोखरत होती. स्वतःलाही ते सांगत आले होते, वाफेनंतर खुलेल.

हर्षदाने मार्ग काढला. रंगाच्या दुकानातून डबी आणायची, ती बरोबर आसमानी कालवील, वरून हात मारायचा. "मी बनाडी देस, आप्पा. शेठले काय समजस?"

मला ही युक्ती पटली होती, कबूल करते. मलाही शेठच्या टेबलावर बसायची हौस होती. धुडकूभाऊंनी चिंधी दुमडून खिशात घातली. मग म्हणाले, "आन मिलमा कोन दखी?"

दसऱ्याआधी साड्यांचा एक अख्खा लॉट बिघडला होता. फिका मोरपंखी हवा होता, तो गडद छापला गेला. बोलणी खाल्ली मशीनवरच्या भटूने. वाफ नीट दिली नाहीस, असं सगळे म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्याने धुडकूभाऊच म्हणाले होते. तेव्हा त्यांना ते खरंच वाटत होतं. आता पाटावर बसल्या बसल्या त्यांना कळून चुकलं की तो रंग भटूने नव्हे, आपण बिघडवला होता.

लाभपाचमीला त्यांनी मला आहे तशी रुमालात बांधलं आणि आधी शेठकडे न जाता भटूच्या मशीनपाशी नेलं. रुमाल सोडून सगळं सांगितलं. भटू माझ्याकडे पाहत राहिला. वयाने तो लहान, पण राग गिळायला मोठा माणूस लागतो.

"जाऊ दे भाऊ," तो शेवटी म्हणाला. "पन आते चहा तुम्हीन पाजा."

मग शेठ. त्यांनी मला उलटंपालटं केलं. "ये क्या है धुडकूभाई? भूकंप आवी गयो?" ते हसले. धुडकूभाऊ हसले नाहीत. त्यांनी डोळ्यांचं सांगितलं, दसऱ्याच्या लॉटचं सांगितलं, भटूचं नाव मोकळं केलं. शेठ हसायचे थांबले. ते चिंधी माझ्या शेजारी धरून बराच वेळ बघत होते.

"आंख तो ठीक होती है," ते म्हणाले. "लेकिन मास्टर अभी मैं दूसरे को बनाऊंगा."

"बराबर है, शेठ," धुडकूभाऊ म्हणाले.

शेठनी मला ठेवून घेतलं नाही. चिंधीसकट रुमालात बांधून परत दिलं. मास्तरकी बळीराम नावाच्या दुसऱ्याच माणसाला मिळाली. धुडकूभाऊ तीन महिने घडीखात्यात साड्यांच्या घड्या घालत होते. लोक मागून बोलत. त्यांनी मान खाली घालून घड्या घातल्या, आणि त्या इतक्या चोख घातल्या की तिथल्या मुकादमाला त्यांना परत सोडवेना.

माघात बारडोलीला डोळ्यांचं शिबिर लागलं. मोतीबिंदू पिकला होता. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, काळा चष्मा गेला आणि जाड भिंगांचा चष्मा आला. घरी आल्यावर धुडकूभाऊंनी आधी सरलाबाईंचं लुगडं पाहिलं, मग हर्षदाच्या रिबिनी पाहिल्या. मग दारात जाऊन वर पाहिलं. आत आले ते सरळ फडताळापाशी, आणि मला हातात घेतलं.

मित्रांनो, मला त्या क्षणी लाज वाटली. मी म्हणजे त्यांची चूकच होते ना, चार चाकांवर उभी केलेली.

"इतली निई?" ते म्हणाले आणि हसू लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. हर्षदाने आसमानी रंगाची डबी आणि कुंचला केव्हाचा आणून ठेवला होता. ती डबी उघडायला लागली, तसा त्यांनी तिचा हात धरला.

"नको, बेटा. तवय माले आभाय दिसाले इतला निया लागे. राहू दे."

त्या दिवसांत आभाळ दिसण्यासाठी त्यांना एवढा निळा लागत होता. ते माप माझ्याशिवाय दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही.

त्यानंतर सहा वर्षं झाली. धुडकूभाऊ कलर किचनमध्ये परत आले, मास्तर नाही झाले. मधल्या काळात घर बदललं, तेव्हा मी दोन वर्षं गोणपाटात भांड्यांबरोबर पडून होते आणि माझं मागचं एक चाक कायमचं हरवलं. तिथे आता शर्टाचं बटण आहे. कॉलेजला जाणारी हर्षदा सुटीत माझ्यावरची धूळ झटकते. कलर किचनमध्ये कोणी नवा माणूस बेफिकिरीने "वाफेनंतर खुलेल" म्हणाला, की धुडकूभाऊ त्याला रविवारी घरी चहाला बोलावतात. मला त्याच्या हातात देतात आणि ती जुनी चिंधी शेजारी ठेवतात.

तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी मोटार असेल, तर तिला कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका आणि पातेल्यात तर मुळीच बसवू नका. आणि तुमच्या घरात कोणी वस्तू घेऊन सारखं दारातल्या उजेडाला जात असेल, डोळे पुसत असेल आणि विचारलं की हसून वेळ मारून नेत असेल, तर हर्षदासारखे जवळ जाऊन बसा आणि सरळ विचारा, तुम्हाला दिसतंय ना? वाफेची वाट बघू नका. माझं छत गेलं याचं मला वाईट वाटत नाही. माझ्या आप्पांनी एक वर्ष आभाळ एकट्याने शोधलं, याचं मात्र अजून वाटतं.